घरटी एक माणूस

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर डकवलेल्या यादीत तीन नावं होती आणि त्यांत रंजनाच्या बापाचं नाव नव्हतं. पहिली दोन हल्लीच्या पोरांची, सध्या नोकरीवर असलेल्या. तिसरं जुनं होतं: वाहरू रेवजी वळवी, रक्षा पदक, १९६५. वाहरू म्हणजे रंजनाचा सख्खा मामा. गेल्या साली वारला. मामानं जन्मात बंदूक धरली असेल तर ती जत्रेतली, फुगे फोडायची, आणि तिनंही एक फुगा फुटला नव्हता.

रंजना आधी हसली. अंगणवाडीत तीस वर्षं तिची याद्या करण्यात गेली होती. एका पोराचं वजन दुसऱ्याच्या नावावर चढतं, मेलेली म्हातारी कागदावर चार वर्षं धान्य उचलते, हे तिला नवं नव्हतं. यादी म्हटली की ती चुकायचीच. म्हणून ती सरळ ग्रामसेवकाकडं गेली आणि म्हणाली, तिसऱ्या नावात साल्या-मेहुण्याची अदलाबदल झालीय, तेवढी दुरुस्त करून घ्या. लष्करात गेला तो माझा बाप, मामा नव्हे.

ग्रामसेवक शहाद्याकडचा, तरणा होता. फोनमधून डोकं वर न काढता म्हणाला, "ताई, यादी वरथीन येल शे. मी काय करू?" मग जरा वर बघून त्यानं समजावलं. काळा दगड सुरतेहून यायचा आहे, सव्वीस जानेवारीला शाळेपुढं बसवायचा आहे, आणि दगडावरचं नाव खोडरबरानं जात नाही. पंधरा तारखेच्या आत पुरावा आणला तर तो स्वतः वर कळवेल.

पुरावा घरातच होता. रंजनाला वाटलं, दोन दिवसांचं काम.

अब्राहाम सॅम्युअल गावित या माणसाला गावात कोणी अब्राहाम म्हणून हाक मारलीच नाही. तो 'मिलिटरी'. खेचरांच्या कंपनीत सात वर्षं काढून तो सासरवाडीच्या या गावात परतला आणि पुढची चाळीस वर्षं बैल जुंपण्याआधी त्यांना सावधान म्हणत राहिला. बैल ऐकायचे, बायको हिरीबाई ऐकायची नाही. दाराशी चपला टाचेला टाच लावून ठेवायचा. लढाईचं विचारलं तर खेचरांचं सांगायचा: कोणतं पुलावर अडायचं, कोणत्याला गूळ दाखवल्याशिवाय चढ चढायचा नसायचा. तीन पदकं होती त्याची. जर्द्याच्या पत्र्याच्या डबीत, हिरीबाईच्या पेटीच्या तळाशी असायची आणि वर्षातून एकदा, नाताळात, बाहेर यायची. पोरांनी बघायची, हात लावायचा नाही. तो जाऊनही आता चौदा वर्षं होत आली होती.

यंदाच्या नाताळात चर्चमधून आल्यावर हिरीबाईनं ती डबी लेकीच्या ओटीत टाकली. हिरीबाई ऐंशीच्या पुढं गेलेली. मला आता ती दिसत नाहीत, तू सांभाळ आणि पुढं प्रिस्किलाला दे, एवढंच बोलली. प्रिस्किला रंजनाची मुलगी, सुरतेला नर्सिंग शिकते.

तर पदकं ग्रामसेवकाच्या टेबलावर ठेवायची ती मळकी ठेवायची नाहीत, असं रंजनानं ठरवलं आणि ती नवापूरला नासिरभाईंकडं गेली. नासिरभाई घड्याळवाले. आता लोक फोनमध्येच वेळ बघतात, त्यामुळं त्यांच्याकडं चष्म्याच्या काड्या, देवांचे टाक, पोरींच्या कानांतले, काहीही दुरुस्तीला येतं. त्यांनी डोळ्यात भिंग खोचलं, स्पिरिटचा बोळा पदकाच्या कडेवरून फिरवला आणि हात थांबवला.

"बहेन, अब्बा का नाम क्या बताया आपने?"

"अब्राहाम."

"इस पे तो दूसरा है."

त्यांनी भिंग काढून तिच्या हातात दिलं. पदकाच्या कडेला, साठ वर्षांच्या मळाखालून, मुंगीएवढी इंग्रजी अक्षरं वर आली होती. रंजना इंग्रजी शिकली ती प्रिस्किलाच्या पहिलीच्या पुस्तकावरून, पोरीच्या शेजारी बसून; अजूनही एकेका अक्षराला बोट लावून वाचते. आधी लांबलचक नंबर. मग शिपाई. मग वाहरू वळवी. दुसऱ्या पदकावर तेच. तिसऱ्याच्या पाठीवर तेच. नासिरभाईंनी फिती बदलून देऊ का विचारलं. ती नको म्हणाली. डबी मिटली आणि एसटी स्टँडकडं जायचं सोडून उलट्या बाजूला, रेल्वे फाटकापर्यंत चालत गेली.

त्या दिवसापासून रंजनाचं अंग एका जागी टिकेना. झाडलेलं अंगण पुन्हा झाडायची. अंगणवाडीतल्या पोरांची वजनं आठवड्यात दोनदा घेतली. पोरं बिचारी पुन्हा पुन्हा काट्यात बसली. नवरा दानियल पोल्ट्रीवर कामाला. तो म्हणाला, "आमच्या पाच हजार कोंबड्या मिळून एवढ्या येरझारा घालत नाहीत." ती हसली नाही तेव्हा त्यानं ओळखलं की प्रकरण कोंबड्यांच्या पुढचं आहे.

प्रकरण असं होतं की पदकं मामाची असतील तर बाप कोण होता? चोर? साल्याची पदकं डबीत लपवून चाळीस वर्षं बैलांना सावधान म्हणणारा माणूस? दगडावरचं नाव तिला आता तितकं महत्त्वाचं वाटेना. ज्या माणसाच्या खांद्यावर बसून ती पहिल्यांदा बाजाराला गेली, तो खरा होता की नाही, एवढंच तिला कळायला हवं होतं.

आणि बाजारावरून तिला एक आठवलं. ती आठ-नऊ वर्षांची होती. नवापूरच्या बाजारात कोणीतरी मागून हाक मारली, "वाहरू, ए वाहरू." मामानं वळून बघितलं. बापानंही बघितलं. दोघांच्या माना एकदमच वळल्या होत्या. मग बाप उगाच मिरचीच्या ढिगाकडं वाकला होता.

तिनं आईला विचारलं. हिरीबाई सुपात तूर पाखडत होती.

"आई, बा लष्करात होता ना?"

"नव्हता तर खेचरांच्या गोष्टी काय बाजारातून विकत आणल्या त्यानं?"

"मग पदकांवर मामाचं नाव कसं?"

सूप थांबलं. हिरीबाई उठली, चुलीवरचं पाणी उतू चाललंय म्हणाली. चूल विझलेली होती. त्या दिवशी आणि पुढच्या दिवशीही तिच्याकडून आणखी काही निघालं नाही.

गावात त्या काळचं माणूस म्हणून करमसिंग तेवढा उरला होता. नव्वदीचा. सकाळी उन्हात बसवलं की दुपारी सावलीत उचलून ठेवावा लागे, पण डोकं शाबूत. रंजनानं त्याच्यासाठी तंबाखू नेली आणि मामाबद्दल विचारलं. करमसिंगनं बराच वेळ तंबाखू मळली. वाहरू त्या वेळी गावात नव्हता, म्हणाला. चीनच्या लढाईनंतरची सात वर्षं तो गावात दिसलाच नाही. आणि अब्राहाम? तोही नव्हता. सुट्टीवर यायचा, अंगात तो जाड कोट, पण राहायचा नाही. मग दोघांतला लष्करात कोण होता, असं तिनं स्पष्टच विचारलं.

"घरटी एक माणूस गेला," म्हातारा म्हणाला. "कोण गेला ते आम्ही विचारलं नाही."

ती घरी आली ती आधीपेक्षा वाईट होऊन. आतापर्यंत निदान एवढं धरून चालता येत होतं की मामा कुठं गेला नाही. आता तोही आधार सुटला.

दहा तारखेला तिनं रजा टाकली आणि गाडीनं नंदुरबार गाठलं. जिल्ह्याच्या गावी सैनिकांचं कार्यालय आहे एवढं तिला ठाऊक होतं. जानेवारीत नंदुरबारची हवा तिखट असते. पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत असते आणि बाहेरगावचा माणूस तिथल्या लोकांना शिंकेवरून ओळखू येतो. रिक्षावाल्यानं आरशातून बघत विचारलं, "पहिलांदाच उनात का बाई?" ती पन्नासाव्यांदा आली होती, आणि पन्नासाव्यांदा शिंकत होती.

कार्यालयातला बाबू स्वतः निवृत्त हवालदार होता. त्यानं डबी दोन्ही हातांनी घेतली, ते तिला आवडलं. नंबर उतरवून घेतला, रजिस्टर काढलं, पानं उलटली आणि बोट ठेवलं. वाहरू रेवजी वळवी, गाव तेच, भरती १९६३, सुटका १९७०. अब्राहाम गावित नावाचा माणूस त्या तालुक्यातून त्या काळात भरती झाल्याचं कुठं नव्हतं.

रंजनानं पदर तोंडाला लावला. बाबूला वाटलं मिरची लागली. त्यानं पाणी दिलं आणि मग, ती काही मागत नसताना, म्हणाला की सुटकेच्या वेळी प्रत्येक शिपायाला एक पुस्तक मिळतं. त्यात त्याच्या अंगावरच्या खुणा लिहिलेल्या असतात, डॉक्टरनं बघून लिहिलेल्या. नाव तोंडानं सांगतात, खुणा अंगावर असतात. ते पुस्तक शोधा. ती निघाली तेव्हा त्यानं आणखी एक सांगितलं: पदकं शिपाई डाव्या बाजूला लावतो, घरच्यांनी लावायची झाली तर उजव्या. कधी लागलं तर असू द्या ध्यानात.

पुस्तक असलं तर ज्याच्या नावाचं त्याच्याच घरी. म्हणजे नाल्यापलीकडं, दोधूकडं.

दोधू मामाचा एकुलता एक मुलगा, रंजनापेक्षा सहा वर्षांनी लहान. दोन्ही घरांत नाल्याएवढंच अंतर. रंजनाकडचे चर्चला जाणारे, दोधूकडचे वाघदेवाला मानणारे, पण सणाचा भात इकडून तिकडं जायचाच. दोधू अतिशय भिडस्त माणूस. चार माणसांपुढं बोलायची वेळ आली की त्याचे कान लाल व्हायचे. यादी लागल्यापासून तो पंचायतीच्या रस्त्यानं जायचाच टाळत होता.

तिनं विचारल्यावर त्यानं नाही म्हटलं नाही. पत्र्याची पेटी ओढून काढली आणि मेणकापडात गुंडाळलेलं एक तांबूस पुस्तक तिच्यापुढं ठेवलं. बाप मरेपर्यंत यातलं काही बोलला नाही, म्हणाला. पण मोटारसायकलवर खाकी विजार घातलेला कोणीही गावात आला, मग तो पोस्टमन का असेना, की बाप ज्वारीत शिरायचा आणि अंधार पडल्याशिवाय बाहेर यायचा नाही. दोधूला लहानपणी वाटायचं, बापानं खून केलाय.

रंजनानं नंबर ताडून बघितला. तोच. नाव तेच. मग बोट लावत लावत ती खुणांच्या ओळीवर आली. एक तीळ, मानेवर. तीळ काय कोणालाही असतो. त्याखालची ओळ तिनं दोनदा वाचली, मग दोधूच्या कॉलेजातल्या पोरीला बोलावून तिच्याकडून वाचून घेतली. डाव्या पायाचं दुसरं आणि तिसरं बोट जन्मतः जुळलेलं.

दोधूनं तिच्या पायांकडं बघितलं. तिनंही बघितलं. डाव्या चपलेच्या पट्ट्याखाली तिची दोन बोटं, जुळी भावंडं एका गोधडीत झोपावीत तशी, एकमेकांना चिकटून होती. प्रिस्किलाचीही तशीच आहेत. लहानपणी पोरं 'बदक' म्हणायची तेव्हा बाप आपला पाय तिच्या पायाशेजारी ठेवायचा आणि म्हणायचा, आपली कंपनी वेगळी.

ती पेटीवरच बसली. तेवढा वेळ तिचे पाय स्वस्थ राहिले.

पुस्तक घेऊन ती नाला ओलांडून आली आणि आईच्या मांडीवर ठेवलं. हिरीबाईला वाचता येत नाही, पण मेणकापड तिनं ओळखलं. आता चुलीकडं जायला निमित्त नव्हतं. तिनं सांगितलं ते सगळं एका दमात नाही. मध्ये शेळी बांधली, मध्ये रंजनाला चहा ठेवायला लावला.

अब्राहाम या घरात खंधाड्या म्हणून आला होता, म्हणजे मुलीसाठी सासऱ्याच्या घरी राबणारा जावई. डोंगरापलीकडं त्याची विधवा आई एकटी. पाच वर्षं राबायचं ठरलं होतं. दोन झाली आणि चीनची लढाई झाली. नवापूरच्या बाजारात भरतीवाले बँड घेऊन आले. एकोणीस वर्षांचा वाहरू, उंच, बँड ऐकून भारावला. उंची मोजून, नाव सांगून, आठ दिवसांनी धुळ्याला हजर व्हायची चिठ्ठी घेऊन घरी आला. आला आणि तापानं आडवा झाला. भीतीनं. हिरीबाईचा बाप रेवजी म्हणाला, चिठ्ठी घेतली म्हणजे घरानं शब्द दिला. कोणाचं घर शाकारायचं असलं की घरटी एक माणूस जातो. थोरला नाही तर धाकटा, मुलगा नाही तर जावई. घराचा माणूस गेल्याशी कारण. पोरगा आजारी आहे, जावई जाईल. कोणालाच त्यात खोटं वाटलं नाही, अब्राहामलाही नाही. धुळ्याला चिठ्ठी वाचून हाक मारली, "वाहरू रेवजी." त्याला वाटलं, कुठल्या घराचा ते विचारतायत. तो हजर म्हणाला.

"आणि मग सात वर्षं तेच म्हणत राहिला," हिरीबाई म्हणाली.

महिनाभरात त्याला कळलं की सरकारात घर नसतं, एकेक माणूस असतो, आणि दुसऱ्याच्या नावानं उभं राहिल्याबद्दल तुरुंग असतो. सुट्टीवर आला तेव्हा त्यानं ते घरी सांगितलं. तेव्हा घरातले घाबरले. वाहरू लष्करात आहे तर मग हा वाहरू गावात कसा? त्याला नाहीसा करणं भाग होतं. तो डोंगरापलीकडं गेला, अब्राहामच्या आईकडं. तिला मुलगा नव्हता, याला गाव नव्हतं.

रंजना उठून फिरायला लागली होती. बाप खरा होता, पुरावा हातात होता, पंधरा तारखेला दोन दिवस होते. बाहेर जाऊन तिनं ग्रामसेवकाला फोन लावला. तो म्हणाला, खुणा ठीक, पण पुस्तकावर नाव वाहरूच शे ना. त्या काळच्या कोणी डोळ्यांनी बघणाऱ्यानं लिहून द्यायला हवं. करमसिंग काही सांगणार नाही हे दिसतच होतं. उरली हिरीबाई.

रंजना आत आली आणि कागद, शाईचं पॅड पुढं ठेवलं. अंगणवाडीचं पॅड, पोरांच्या आयांचे अंगठे घ्यायचं.

हिरीबाईनं अंगठा पदरात घेतला. "अंगठा द्यायला मला काय. पण दगडावर तुझ्या बाचं नाव आलं की लोक विचारतील, वाहरू कुठं होता. काय सांगशील?"

"लपला होता म्हणेन. होताच की."

"होता," हिरीबाई म्हणाली. "सात वर्षं माझ्या सासूला मुलगा म्हणून लपला होता. तिचं शेत नांगरलं. तिला कमरेतून उठता येईना तेव्हा आंघोळ घातली, पुरुषाच्या हातानं. रविवारी पाठीवर घेऊन चर्चला नेली आणि बाहेर न थांबता आत बसला, वाघदेवाला मानणारा माणूस. तुझा बा तिकडं बर्फात होता तेव्हा ती मेली. कबरीपाशी पाळकानं विचारलं, मुलगा कोण. वाहरू म्हणाला, मी. पहिली मूठ त्यानं टाकली. ते तू कुठल्या दगडावर लिहिणार आहेस, रंजे?"

रंजनाला मामाचं नांगर धरणं आठवलं. बैलांमागं चालताना तो नेहमी नाताळची गाणी गुणगुणायचा. चर्चची पायरी न चढणारा माणूस, आणि प्रत्येक कडवं पाठ. घरातली सगळी पोरं त्याला हसायची.

"मग बाला काही वाटलं नाही? आपलं नाव कुठंच नाही याचं?"

"वाटलं तर. सुटून आला तेव्हा पुस्तक वाहरूच्या हातात दिलं, म्हणाला हे घे तुझं नाव, फार जड झालं होतं. पदकं मात्र दिली नाहीत. ती माझ्याकडं दिली." हिरीबाईनं पॅड लांब सरकवलं. "अर्धं त्या घरात, अर्धं या घरात. बघायचं झालं तर नाला ओलांडायला लागतो. राहू दे तसंच."

रंजना राहू देणाऱ्यांतली नव्हती. ती पंधरा तारखेपर्यंत रोज आईपुढं पॅड ठेवायची आणि रोज उचलायची. बाप मतदारयादीत होता, चर्चच्या दफनाच्या वहीत होता, पण जिथं त्यानं सात वर्षं घालवली तिथं नव्हता. मामावरचा तिचा राग गेला होता. तो गेल्यामुळंच तिची जास्त पंचाईत झाली. राग असता तर पाय तरी कुठल्या दिशेला टाकायचे हे कळलं असतं. पंधरा तारीख गेली. दगड आला, पोत्यात गुंडाळलेला. तिनं ग्रामसेवकाला सांगून टाकलं की कागदावर नाही तर नाही, सव्वीस जानेवारीला सगळ्यांपुढं मी उभी राहून बोलणार आहे. ग्रामसेवकानं फोन बाजूला ठेवला. दोनेक दिवस तो तिच्याशी फार अदबीनं वागला.

सव्वीस जानेवारीला सकाळीच शाळेपुढं मांडव भरला. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, पण रंजना पुरुषांच्या कडेला दोधूशेजारी जाऊन बसली. पिशवीत डबी. काय बोलायचं ते तिनं चुलीपुढं, रस्त्यात, पोरांची वजनं घेताना, शंभरदा घोकलं होतं. पहिलं वाक्य तयार होतं: हे नाव चुकीचं आहे. दुसरं वाक्य प्रत्येक वेळी वेगळं व्हायचं आणि प्रत्येक वेळी डोंगरापलीकडं जाऊन, त्या म्हातारीपाशी, बंद पडायचं.

झेंडा झाला. दगडावरचं पोतं काढलं. तीन नावं, पांढरी, ऊन पडल्यामुळं नीट वाचताही येत नव्हती. सरपंचांनी माइकवरून पहिल्या दोन घरांना बोलावलं. एकाचा बाप गेला, एकाची बायको; शाल घेऊन परत आले. मग माइक करकरला.

"वाहरू रेवजी वळवी. त्यांच्या घरच्यांनी पुढं यावं."

दोधू उठला नाही. रंजनानं बघितलं तर त्याचे कान लाल झाले होते आणि नजर मांडवाच्या मागं, जिथं एके काळी ज्वारी असायची, तिकडं लागली होती. माइकवर पुन्हा नाव आलं. लोक वळून बघायला लागले. दोधूनं तिच्या कोपराला हात लावला.

"ताई," तो म्हणाला, "आपल्या घरातनं तू जा."

तिचं पहिलं वाक्य तोंडात होतं. ते तिथंच राहिलं. तिनं पिशवीतून डबी काढून दोधूपुढं धरली. टाचण्या लावता लावता दोधूच्या हातून दोनदा सुटल्या, तिसऱ्यांदा लागल्या. तिन्ही पदकं, जुन्याच फितींची, तिच्या साडीवर, उजव्या बाजूला. बायकांच्या बाजूला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेल्या हिरीबाईला एवढ्या लांबचं दिसत नव्हतं. तिनं शेजारणीला विचारलं, कोण उठलं. शेजारणीनं सांगितलं. हिरीबाई नीट टेकून बसली.

रंजना चालू लागली. पदकं एकमेकांवर वाजत होती, चालण्याच्या तालावर, आणि तिला कळत होतं की आपण पाय जरा जास्तच ठोकतोय. दगडापाशी ग्रामसेवक उभा होता, हातात रजिस्टर. आता ही बोलणार, असं त्यानं धरलंच होतं. माइक त्यानं पाठीमागं केला आणि हलक्या आवाजात, पेन उघडत, विचारलं, "कोन म्हणून लिखू, ताई? तुम्ही वाहरूबाबाना कोन?"

"घरची," रंजना म्हणाली. "लिहा. हजर."